गाठ न मारता

मूर्सियात ऑगस्टची दुपार, पडदे ओढलेले.
एकाच पंपावर दोन सिरिंजा,
चार तास थेंबाथेंबाने उतरताहेत क्लोरोफॉर्ममध्ये:
एकीत डायअमीन, दुसरीत आम्लाचं क्लोराइड,
आणि खाली फ्लास्कमध्ये कधीचा ताटकळलेला धागा.
घाई केलीस तर डिंक होईल, खिनेस म्हणतो.
तीनदा झालाय. तो बोलला नाही तेव्हा,
नुसता फ्लास्क घासून दिला.

धाग्याच्या दोन्ही टोकांना जाड गाठोडी.
ओवायला टोकच मोकळं नाही.
म्हणून मणी ओवत नाहीत इथे,
मणी धाग्याभोवतीच घडतो.
धाग्यावर दोन ऑक्सिजन,
त्यांना अमाइडच्या हायड्रोजनची ओढ.
ओढच फक्त. करार नाही, सही नाही.
पाणी पाण्याला धरून असतं, तेवढीच.
तेवढ्यावर तुकडे वळतात, अंग चोरून कुशीत येतात,
टोकाला टोक लागतं
आणि कडं मिटतं.

खिनेसची आई
व्हिनेगरमध्ये मुरलेल्या रेशीमकिड्यांच्या पोटातून
तार ओढायची, कोळ्यांच्या गळांसाठी.
वरची साल दातांनी सोलायची.
तेही अमाइडच, तो सांगतो, अमाइडला अमाइड बिलगलेलं.
आईला नाव माहीत नव्हतं.
दातांना माहीत होतं.

मारावियास कार्ताखेनाला निघून गेली
त्याला अकरा वर्षं झाली.
अंगठी आहे.
सांधा सुजलेला, ती सांध्याच्या अलीकडे गोल फिरते.
साबण, ऑलिव्हचं तेल, बर्फ, सगळं करून झालं.
सोनाराकडे बारीक करवत असते म्हणे.
खिनेस अजून गेलेला नाही.

रात्री अडीचला एनएमआरवर रेषा उमटल्या.
धाग्याच्या दुहेरी बंधावरचे दोन हायड्रोजन
चांगले सव्वा घर उजवीकडे सरकलेले,
कड्याच्या सावलीत.
मी ओरडले. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच चूर्ण डीएमएसओत विरघळवलं.
हा द्रावक अधाशी. दिसेल तो हायड्रोजन आपल्याकडे ओढतो.
धागा आणि कडं यांच्यात काही उरलं नाही.
कडं भटकायला लागलं,
बारा कार्बनांच्या शेपटीवर जाऊन बसलं, परत आलं, पुन्हा गेलं.
उतरलं मात्र नाही.
जिच्यामुळे जुळलं ती ओढ गेली, आणि तरी.

अनुदानाच्या अर्जात रकाना आहे: उपयोग.
मी लिहिलं, प्रकाश पडला की कडं जागा बदलतं,
म्हणजे स्विच, म्हणजे औषधाची कुलूपबंद कुपी,
म्हणजे एखादा पृष्ठभाग, ज्यावर थेंब चढ चढेल.
सगळं खरं. निदान होऊ शकेल असं.
खिनेसला वाचून दाखवलं.
त्याने विचारलं, काढायचं झालं तर?
म्हटलं, धागा कापावा लागेल, नाहीतर कडं.
दोन्हीकडे खरा बंध तुटतो,
आणि मग ते ते राहत नाही.

तो सिंककडे वळला.
नळ चालू, फ्लास्क एकामागून एक,
आणि दर फ्लास्कला काचेवर अंगठीचा
तोच बारीक आवाज, जो मी चार वर्षं
पंपाचा समजत होते.

मी सिरिंजांकडे पाहिलं.
अजून एक तास दहा मिनिटं.