सात मिनिटं

अंताकाल्निसच्या शेवटच्या थांब्यावर
ट्रॉलीबसच्या तारा वळसा घालून परत फिरतात.
नावात आपल्याला उगाच अंतकाळ ऐकू येतो,
पण इथे संपतो तो फक्त रस्ता,
आणि पाइनची झाडं सुरू होतात.

वेळापत्रकात लिहिलंय : थांबा, सात मिनिटं.
डांगुओले हँडब्रेक ओढते.
आरशातून रिकाम्या सीटांवर एक नजर,
कुणाचा तरी विसरलेला हातमोजा,
मग डब्यातल्या काळ्या पावाखालून काढते
चौघडी घातलेला काळा कागद
आणि नखं कापायची वाकडी कात्री.

सातातलं एक मिनिट हात ऊन करण्यात जातं.
एक, काल कुठे थांबलो होतो ते शोधण्यात.
उरलेल्या पाचात
एक पान. कधी अर्धं.
कधी नुसता देठ, तोही हवा त्याहून जाड.
आणि ज्या दिवशी गाडीचा दांडा तारेवरून निसटतो,
त्या दिवशी बर्फात पाय रोवून, दोरी खेचून
तो पुन्हा तारेला लावेपर्यंत
सगळं जंगल बुडतं.

घरी जमत नाही.
घरी उग्नेची भागाकाराची वही,
नॉर्वेत मासे सोलणाऱ्या नवऱ्याचा फोन,
सासूच्या गुडघ्याचं मलम, उतू जाणारं बीटचं सूप.
एकदा जेवणाच्या टेबलावर घेऊन बसली होती,
तर कागदावर तेलाचा थेंब पडला.
तेवढा तुकडा कापून काढावा लागला.
तिथे आता तळं आहे.

थेंबे थेंबे तळे साचे, ते हे असं नव्हे.
हिच्या कामात साचत काहीच नाही,
रोज थोडं कमी होतं.
नको ते मांडीवर पडतं, युनिफॉर्मला चिकटतं,
आणि जे पडायचं राहिलं
त्याला जंगल म्हणायचं.
कुणी मागितलेलं नाही हे जंगल.
कुठे लावणार, तेही ठरलेलं नाही.

पण ते कण ती फेकत नाही.
खारवलेल्या काकड्यांची रिकामी बरणी
स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठेवलीय.
सप्टेंबरात तळाची काच दिसत होती,
आता फेब्रुवारीत
जवळजवळ अर्धी.
म्हणजे साचतंच की. मीच घाईनं बोललो.

परवा वायरलेसवर स्तासीस एकदम खेकसला,
चौदा नंबर, कुठे आहेस?
हात हलला
आणि सुतारपक्ष्याची चोच गेली.
कापड असतं तर टाका घातला असता.
ती बघत बसली,
बाहेर थंडीत एक म्हातारा काच वाजवेपर्यंत.
तिनं वेळेआधी दार उघडलं. नियमात बसत नाही.
म्हाताऱ्यानं नाक पुसलं, कागदाकडे वाकून पाहिलं,
बराच वेळ.
मग म्हणाला, हा खाणार काय?

डांगुओले म्हणाली,
जुलैपर्यंत वेळ आहे त्याला.
शोधेल काहीतरी.

तर मार्चपासून वेळापत्रक बदललं.
थांबा, चार मिनिटं.
रात्री उग्नेच्या वहीच्या मागच्या पानावर
तिनं पेन्सिलीनं भागाकार मांडला,
फांद्या भागिले मिनिटं.
जुलै गेला, नाताळ आला,
वर बाकी तीन पानं उरली.
उग्नेनं सकाळी ते तपासलं
आणि हातचा चुकलाय म्हणून लाल रेघ मारली.

नव्या वेळापत्रकाचा पहिला दिवस.
हँडब्रेक. आरसा.
आज हात ऊन केले नाहीत,
बधिर बोटांनीच कात्री उचलली.
देठ जाड झाला,
पण फांदीला लागून राहिला.

बाजरीच्या दाण्याएवढं काहीतरी
मांडीवरून चिमटीत उचलून
तिनं बरणीत टाकलं,
झाकण फिरवलं.
मागे दोघं चढली होती,
त्यातल्या एकाला हातमोजा सापडला.