वजन

गौतमीताई बँकॉकहून परत आली तेव्हा
तिच्या पेटीत, साड्यांच्या खाली, वेताच्या दोन तलवारी होत्या,
मुठीपाशी घामाने काळ्या पडलेल्या.
सहा वर्षं तिथल्या हॉटेलात ती चादरी बदलायची
आणि संध्याकाळी एका म्हाताऱ्या गुरूकडे
दोन्ही हातांत दाब धरायला शिकायची.
त्यांच्या भाषेत दाब म्हणजे तलवार.
आमच्या गावात दाब म्हणजे दाबच,
त्यामुळे पोट्टे आठवडाभर हसले.

विहाराच्या मागे, धान मळून रिकाम्या झालेल्या खळ्यात
आम्ही सात जणी.
वेत आमच्याकडे होत नाही.
शाळेत पाहिलेला, तोही पाठीवर.
ताई मला म्हणाली, तुझे बाबा सुतार ना, त्यांना विचार.

बाबांनी पहिली जोडी तिवसाची केली.
"बंडीच्या आऱ्याचं लाकूड हाये. तुह्या नातवाले बी पुरंल."
मी हरखले. जड ते खरं, असं वाटायचं तेव्हा.
चौथ्या दिवशी मनगट सुजलं.
मी खांदा फेकत होते, तलवार मला ओढत होती,
बाजारात अडेल गोऱ्ह्याने मालकाला फरफटावं तशी.
हे तू चालवत नाहीस, ताई म्हणाली,
हे तुला चालवतंय.

दुसरी काटेसावरीची.
धरली, तरी हात रिकामाच.
पण काय फिरायची! सगळ्या बघत राहिल्या
आणि मी माजले.
ताईने तिचा वेत, तव्यावरची पोळी परतावी इतक्या सहज,
माझ्या वाराच्या मधे आणला.
अर्धी सावर माझ्या हातात,
अर्धी कोंबड्यांत.

बांबूचं नाव बुरडाच्या मंजुळेनेच कापलं.
"चिरला का चीर डोळ्यात जाते," म्हणाली,
"आमचा बांबू टोपल्याइसाठी."

मग ताईने कसोटी सांगितली.
हात सरळ पुढे, टोक समोरच्या पळसाच्या एका फांदीवर,
मोज साठपर्यंत.
विसाच्या आत टोक थरथरलं तर जड.
साठ झाले आणि हातात काही आहे हेच विसरलीस
तर हलकं.
तुझं मधे कुठेतरी आहे.
विशाखाचं धावड्यावर निघालं, काटकुळी विशाखाचं,
आणि माझं, सुताराच्या पोरीचं, सागावर.
मला जरा लागलं ते.

एकाच फळीतून बाबांनी दोन काढल्या.
तुमरामच्या दुकानात तागडीवर टाकल्या तर
उजवी खाली.
एकीत गाभ्याची बाजू आली होती.
बाबांनी तिथेच, गुळाच्या ढेपेशेजारी बसून,
रंधा मारला. एक कपची. पुन्हा तागडी.
दुसरी. पुन्हा.
तुमराम म्हणाला, "डोमाजी, सोनं तोलून राह्यला का बे?"
बाबा बोलले नाहीत.
तिसऱ्या कपचीला काटा उभा राहिला
आणि दुकानातली माणसं उगीचच हलली.

आता टोक पळसावर पंचेचाळीसपर्यंत थांबतं.
मग थोडं हलतं. ताई म्हणते, हलू दे,
हे हलणं तुझं आहे, लाकडाचं नाही.

त्या रात्री पाणी प्यायला उठले
तर अंगणात बाबा, एकटे,
हात सरळ पुढे, हातात वासला,
तीस वर्षांपासूनचा, कधीच न तोललेला,
पातं चुलीमागच्या भिंतीवरल्या खुंटीकडे.
ओठ हलत होते. अकरा. बारा.
पातं थरथरलं.
त्यांनी हात खाली घेतला, इकडेतिकडे पाहिलं.
मी दाराआड झाले.

सकाळी वासल्याचा दांडा
दोन बोटं आखूड होता,
आणि कापलेला तुकडा चुलीत.
"काऊन कापला?" आईने विचारलं.
"वाळवी लागली होती," म्हणाले,
आणि चहा बशीत ओतला.