कुलरच्या स्टँडवर

या बियांची कातडी फार जाड.
नखानं भागत नाही,
म्हणून सर्जिकल ब्लेडचं जुनं पातं घेते
आणि डोळा सोडून पाठीवर एक बारीक चीर,
आतलं पांढरं दिसेल एवढीच.
मग सिरपच्या झाकणांत कोमट पाणी, रात्रभर.
सकाळी मेडिकलहून नाइट संपवून येते
तेव्हा त्या फुगून बसलेल्या असतात आपापल्या झाकणात.
ज्या हट्टी, त्यांना दुसरी चीर.

यंदा सात जाती.
आभाळी निळी, जी सगळेच लावतात.
जांभळी, पाच रेघांची.
एक जपानी, कडेला परकरासारख्या चुण्या.
गणेशवेल, शेपूसारख्या पानांची, लालभडक.
चांदवेल, मी ड्यूटीला निघते तेव्हा उघडणारी.
एक तपकिरी, दूध कमी पडलेल्या चहासारखी,
भंडाऱ्याच्या नंदनवार मास्तरांनी पोस्टानं पाठवली,
बदल्यात गणेशवेल मागून घेतली.
आणि सातवी अकरा नंबर वॉर्डातल्या उईके बाबांची.
सुट्टी मिळाली त्या दिवशी कनवटीची पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली:
"सिस्टर, लावजा हे. खाजा नोका पण, जुलाब लागतीन."
रंग कोणता, विचारलं.
"थे आता तुमीच पायजा."

नावं चिकटपट्टीवर लिहून कुंड्यांना लावली,
पेशंटच्या मनगटाला लावतो तशी.
एका रात्री वरच्या गजभियांची टाकी ओसंडली
आणि सातही पट्ट्यांची शाई वाहून गेली.
वॉर्डात असं झालं असतं तर चौकशी बसली असती.
इथे मी नुसती उकिडवी बसून राहिले
दोन-दोन पानांच्या त्या कोंबांसमोर.
गणेशवेल तेवढी ओळखू आली.
बाकी सगळ्या एकाच आईच्या.

खिडकीबाहेर कुलरचं रिकामं लोखंडी स्टँड.
त्यावर चढल्या.
सगळ्या एकाच बाजूनं वळतात.
एकीला मी मुद्दाम उलटी गुंडाळून पाहिली;
दुपारी झोपून उठले तोवर
शेंडा सुटून पुन्हा आपल्या वळणावर.

ऑक्टोबर तापला. भिंती रात्रीही गरम.
"कुलर बसव ना सुकेशिनी, दिवसा झोपतं तू,
ह्या गवतासाठी काऊन उकडून घेऊन राह्यली?"
गजभिये काकूंचं बरोबरच होतं.
मी पंचा ओला करून अंगावर घेतला
आणि जाळीतून आत आलेल्या एका तंतूला
पडद्याच्या दोरीवरून हळूच सोडवलं.

फुलं पहाटे उघडतात, नऊला मिटायला लागतात.
आठ-वीसला तुकडोजी पुतळ्याच्या सिग्नलवर
लाल दिवा मोजत मी स्कूटीवर.
कधी सापडतात, कधी नाही.
जपानीची तर मी दोनच पूर्ण उघडी पाहिली.
तपकिरी आली, पण गुलाबीच आली.
मास्तरांना कळवलं नाही.

उईके बाबांची सगळ्यांत शेवटी.
साधीच. फिकट निळी, लहान,
मिटताना मात्र काठाकाठानं गुलाबी होत जाते,
थर्मामीटर झटकायच्या आधी एकदा बघावा
तसं मी तिच्याकडे बघते.
रजिस्टरात त्यांचा नंबर आहे. लावला नाही.

खाली नाल्याच्या कडेनं बेशरम फुललीय वर्षभर,
हिचीच चुलत बहीण,
कुणी चीर दिली नाही, कुणी भिजवली नाही.
तिचं बी आजवर कुणी मागितलेलं नाही.

आता बोंडं वाळलीत. चिमटीत दाबलं की
काळ्या फाका तळहातावर.
फार्मसीतली गोळ्यांची कागदी पाकिटं आणलीत,
त्यांवर छापलेलंच असतं: सकाळ, दुपार, रात्र.
सकाळवर खूण करते, पाच पाकिटांवर.
गणेशवेल मास्तरांकडे गेली.
चांदवेलीला रात्र.
उरलं एक, टाकी ओसंडली तेव्हा आडव्या झालेल्या कुंडीतलं,
जिच्यावर फूल आलंच नाही,
पण देठाखाली एक बोंड होतं.
त्या पाकिटावरच्या तिन्ही जागा
मी कोऱ्या सोडल्यात.