चार बोटं

इथेल सुतार, माझा सासरा, माझ्याशी फारसा बोलत नसे.
मी पाटीच्या खाणीतला.
दगड फोडणं हे त्याच्या लेखी काम होतं,
कारागिरी नव्हे.

लाउरीचं आणि माझं ठरलं त्या हिवाळ्यात
त्यानं गोठ्याच्या आढ्यावरून ओकच्या फळ्या उतरवल्या.
नऊ वर्षं तिथं पडून होत्या,
वर कोंबड्या, खाली गायींची वाफ.
त्या मधाळ रंगाला लोक आजही पॉलिश समजतात.
तो शेणामुताचा आहे.

रविवारी प्रार्थनेनंतर मी उंबऱ्यावर जाऊन बसायचो.
सरस ढवळायची परवानगी होती. तेवढीच.
रंध्यातून ढलपी सुटायची, लांब, गुंडाळत, न तुटता;
मग गुण्या लावून, एक डोळा मिटून
तो फटीतला उजेड शोधायचा.
दिसला, की पुन्हा रंधा.

मागच्या फळीला त्यानं सरस लावलाच नाही.
मी विचारलं.
‘ती पावसात फुगते, थंडीत आकसते.
जागा सोडायची. नाही सोडली तर ती आपली आपण घेते,
आणि तिची घ्यायची रीत तुला आवडणार नाही.’
आख्ख्या हिवाळ्यातलं हे त्याचं सर्वांत लांब बोलणं.
फळीविषयीच असावं.

यंत्र डोंगरापलीकडून आलं, पितळी,
दोन शिशाची वजनं, आणि तबकडीवर चंद्र
एका गालाने सुजलेला, जणू दाढ ठणकतेय.

मार्चमध्ये गाडीतून, पेंढ्यात, घोंगड्यांत गुंडाळून
चौघांनी ते आडवं आमच्या दारातून आत आणलं.
शेजारचा म्हातारा उगाचच टोपी काढून उभा राहिला.
उभं करू गेलो,
तर माथ्यावरचा गोळा तुळईला अडला.

चार बोटं.
केसाएवढी फट मोजणाऱ्या माणसानं
लेकीच्या घराची उंची मोजली नव्हती.
मला विचारावं लागलं असतं.

कुणी म्हणालं, पाय कापा.
कुणी म्हणालं, गोळा काढा, कोण बघतंय वर.
त्यानं करवतीकडे पाहिलंसुद्धा नाही.
‘पहार आण,’ म्हणाला.

फरशी उचलणं मात्र माझ्या हातचं होतं.
पाटीच्या दगडाला कुठं टोचलं की तो सुटतो, मला ठाऊक.
तो कंदील धरून बघत राहिला,
मग बाह्या सारून गुडघ्यांवर उतरला
आणि ओली माती ओंजळीनं उपसू लागला.
एकदा आमची डोकी आपटली.
लाउरी हसली. आम्ही नाही.

घोट्याएवढ्या पाण्यात उतरलेल्या माणसासारखं
घड्याळ खड्ड्यात उभं राहिलं.
त्यानं ओळंबा सोडला.
पाचर मारली की काम बिघडतं म्हणतात;
इथं एक मारली आणि लंबक चालू लागला.

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
गेल्या शरदात घड्याळ किंचित कललं.
हलवून पाहतो तर पाय शिळ्या केकसारखे भुसभुशीत,
बोट घातलं की आत जाई.
करवतीला जे दिलं नाही
ते मातीनं बत्तीस वर्षांत, न विचारता, खाल्लं होतं.
सडकं काढून टाकलं. मोजलं.
चार बोटं. माझी. त्याची जाड होती.

खड्डा मी पाट्यांनी भरला,
घरीच चिरलेल्या, एकीवर एक, नऊ.
वर गोळा आणि तुळई यांच्यात आता फट आहे,
सकाळी तिथून उजेड येतो.
राहू दिली.

लंबकाला धक्का दिला. चाल लंगडी पडली:
टिक, आणि बऱ्याच वेळानं टक.
लाउरी कणीक मळत होती, पाठमोरी.
‘डाव्या अंगाला,’ म्हणाली.
नखाएवढी एक कपची मी पायाखाली सारली,
आणखी थोडी,
आणखी थोडी,
ती काही बोलेनाशी होईपर्यंत.