रकाना सातवा

पहाटे पावणेपाचला आकाराम मस्करांचा फोन.
"सायेब, पडलं."
एवढंच. मग नुसता श्वास,
आणि मागं कुत्र्यांचा कालवा.

वारणेच्या थडीला, मळीच्या रानात
उसाच्या सहा सऱ्या उभ्या होत्या.
टोळी तोडत तोडत आत गेली
तशी डुकरं आकसत मधे आली,
विहीर उपसताना मासे तळाला येतात तशी.

मी पोचलो तेव्हा ते पाटात आडवं.
राठ केसांवर दव, उसाची कूस.
एक डोळा उघडा, त्यात माझी बॅटरी.
"किती भरंल वो?" पोरांनी विचारलं.
वस्तीवर कुठंतरी खोबरं भाजत होतं,
वास थेट बांधापर्यंत.

मी नियम सांगितला.
खड्डा पुरुषभर, वर चुना, वर फिनेल.
घरी एक केसही न्यायचा नाही.
सुलाबाई पदर खोचून पुढं आल्या:
"माझा भुईमूग यानं उकरून खाल्ला,
टोकलेला दाणा न् दाणा, दोन रात्रीत.
आता यालाबी मातीतच घालायचं?
म्हंजे माझा भुईमूग दोनदा मातीत
आन् उगवायचा एकदाबी न्हाई."
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
भरपाईचा अर्ज होता, तीन प्रतींत.

डॉक्टर शेडबाळे आले, गमबुटात.
त्यांनी पोट उघडलं, मी लिहीत गेलो:
उसाचा चोथा. मका.
भुईमुगाचे दाणे, औषध लावलेले, गुलाबी.
खताच्या गोणीचा पांढरा धागा.
नारळाची शेंडी, बहुतेक म्हसोबाच्या पारावरची.
"जंगलातलं काही?"
डॉक्टरांनी हातमोजा उलटा करून झटकला.
"हे उसातच जन्मलं, उसातच पोसलं.
करवंद पुढं ठेवलं असतंत
तर हुंगून सोडलं असतं."

फॉर्मवर सातवा रकाना आहे:
प्राण्याचा मूळ अधिवास.
आजवर मी न बघता लिहायचो, चांदोली.
आज पेन अडला.

माझ्या दाखल्यावरही असाच एक रकाना.
मूळ गाव: उंबरखोरे.
मी ते पाहिलेलं नाही.
आबा सांगायचे, तिथं डुक्कर मारलं
की पहिला वाटा वाघजाईला,
दुसरा ज्याच्या कुत्र्यानं धरलं त्याला,
आणि त्या रात्री
गावात एकही चूल गार नसायची.
मग ट्रक आले. सिमेंटचे खांब, प्लॉट नंबर.
मी जन्मलो ते उसातच,
पुनर्वसन वसाहतीत, गल्ली दुसरी.

आकारामकाका अजून बोलले नव्हते.
ठासणीची बंदूक, परवाना शेतीसंरक्षणाचा.
निवडणूक आली की ती ठाण्यात जमा,
तो महिना डुकरांचा.
"आचारसंहिता त्येंस्नीबी कळती," म्हणून
एरवी तेच हसवायचे सगळ्यांना.
आता बंदुकीवर हनुवटी टेकून म्हणाले,
"मादी हाय, सायेब. आचळं बघा."

ओली होती.

खोबऱ्याचा वास आला नाही मग,
किंवा आला असेल.
टोळीतली एक पोरगी वाढ्यांची मोळी टाकून
उसाकडं बोट करत होती.
सऱ्यांच्या बुडाशी पाचट हललं.
दोन. मग चार. बोकाएवढीही नाहीत,
तपकिरी, आणि पाठीवर
लांब पिवळसर पट्टे:
झाडांमधून ऊन पडतं तसे,
झाडं नसताना.

मुकादम म्हणाला, "गाडी भरायचीय, साहेब. घालू का कोयता?"
सगळे माझ्याकडं.
माझ्या खाकीचं दुसरं बटण तुटलेलं,
मी ते चाचपत राहिलो.
आकारामकाकांनी कुत्री बांधली,
ज्यांना कुणी बांधा म्हटलं नव्हतं,
आणि बांधावर बसून तंबाखू मळू लागले,
फार वेळ, एकाच चिमटीला.

त्या सऱ्या दुसऱ्या दिवशी तुटल्या.
आत काही नव्हतं, असं मुकादम सांगतो.
सुलाबाईंनी पुन्हा बी आणलं, उधारीवर नाही,
कोंबड्या विकून.

सातवा रकाना मी कोराच पाठवला.
तालुक्यातून परत आलाय कागद,
लाल शाईत शेरा:
त्रुटीची पूर्तता करावी.