दर बुधवारी हयात

रजिस्टर माझ्याकडे आलं तेव्हा
त्याला तपकिरीचा आणि निलगिरी तेलाचा वास होता.
पहिलं पान उर्दूत.
बाकी सगळी वर्षं मराठीत, मध्येच कानडी,
आणि एका पानावर नुसती करडईच्या भावाची बेरीज.

सुरुवात ट्रेझरीच्या रांगेत झाली, एवढं सगळे मान्य करतात.
नोव्हेंबर, हयातीच्या दाखल्याचे दिवस,
खिडकी बंद, बाबू जेवायला गेलेला.
पेशकार मोईजोद्दीन, भूमापक बसवणप्पा,
गुरांच्या दवाखान्याचे कंपाउंडर नरहरराव,
चौथा कोण, यावर अजून भांडण आहे.
कुणीतरी म्हणालं,
"वरसातून एकडाव जित्ते हाव म्हणून सांगूलालाव,
मदल्या टायमाला काय मेलेले असतो का?"
हे वाक्य प्रत्येकाच्या घरचे आपल्याच माणसाचं सांगतात.

जागा उदगीरच्या मोंढ्यात, गुंडप्पांच्या अडतीवरचा माळा.
खाली तुरीची पोती, वर आम्ही.
नियम असा, की बुधवारी एकानं काहीतरी शिकवायचं
जे बाकीच्यांना येत नाही.
आणि हजेरीला "हजर" म्हणायचं नाही.
"हयात" म्हणायचं.

नरहररावांनी गाभण म्हशीचे दिवस मोजायला शिकवलं,
ज्यांच्या दारात कोंबडीही नव्हती त्यांना.
बसवणप्पांनी साखळी अंथरून गच्ची मोजली,
ती खरेदीखतापेक्षा सव्वा हात कमी भरली.
गुंडप्पा आठ दिवस बोलले नाहीत.
पेटी तीन बुधवार टिकली,
आवाजाची तक्रार आली.
डाळमिलकडून!

अकराव्या वर्षी फूट.
पत्ते खेळणं हे शिक्षण आहे की नाही, यावरून.
सात जण उठून किल्ल्याच्या वाटेवर, शनिवारी बसू लागले.
पावणेदोन वर्षांनी परत आले,
चौकटची राणी हरवली होती म्हणतात.
ठराव क्रमांक एकशे बारा:
झालं गेलं. चहा नेहमीप्रमाणे.

मी गेले तेव्हा एकवीस पुरुष, वीस खुर्च्या आणि एक डबा.
सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर काढलेली बाई मी,
गावच्या निम्म्या सोयरिकी माझ्या कानातून गेलेल्या.
"ताई काय शिकवणार?"
मी म्हटलं, ऐकायला.
सगळ्यांना डोळे मिटायला लावले,
खालचा हमाल कोणत्या पायानं लंगडतो, सांगा.
कुणालाच आलं नाही.
पुढच्या बुधवारी माझ्यासाठी खुर्ची होती.
त्याच्या पुढच्या बुधवारी झुलेखाबी नर्स आल्या,
स्वतःची घेऊन.

नळाला महिन्यानं पाणी आलं त्या उन्हाळ्यात
ज्यानं त्यानं आपापली बाटली आणली.
नोंद अशी: चहा नाही. विषय, ढग ओळखणे.
आभाळ कोरं असल्यानं सराव झाला नाही.

गेलेल्यांची नावं खोडत नाहीत.
नाव पुकारलं की उरलेले म्हणतात, "रजेवर."
आता हजेरीला वेळ लागतो.

पहिल्या पानाबद्दल प्रत्येकजण काही सांगायचा,
घटना आहे, शपथ आहे, शेर आहे.
मोईजोद्दीनचाचांना विचारलं, तर म्हणाले,
"खुद पढो, बाई."
साठीनंतर मी अलिफ गिरवला.
त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता,
माझ्या पाटीवरचे नुक्ते ते बोटानं चाचपायचे.
ते रजेवर गेल्यावर दीड वर्षानं पान लागलं.

"आज चार लोक. पंखा बंद.
काही शिकलो नाही.
चौथा रांगेतलाच होता, नाव विचारायचं राहिलं.
पुढच्या बुधवारी विचारू."

मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही,
भांडण चांगलं चाललंय.
फक्त काल, हजेरी संपल्यावर,
एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवून थांबले.
हयात म्हणावं की रजेवर, कुणाला कळेना.
तेवढ्यात जिन्यावर कुणी चढू लागलं.
"डावा पाय," झुलेखाबी म्हणाल्या,
डोळे न उघडता.