सत्तेचाळीस नंबर

कास्त्रोच्या एक्सचेंजला खिडकी नाही.
बाहेर पाऊस आहे हे
येणाऱ्याच्या बुटांवरून कळतं.
आत फ्रेम, छताला टेकलेली, करडी,
बारा-बाराच्या कप्प्यांची,
आणि तिच्यातून निघालेल्या पिवळ्या दोऱ्या,
काही घाईत कोंबलेल्या, काही जीव लावून वळवलेल्या.
वळण बघून मी सांगते कुणाचा हात.

एलेउतेरिओ कार्कामोचा हात लगेच ओळखू येतो.
त्याचं एकही वळण त्याच्या अंगठ्याहून आवळ नाही.
नोल्फा, म्हणायचा, काच आहे ती,
वाकते म्हणून वाकवत बसू नये.
रंग त्यानं पाढ्यासारखे घोकून घेतले:
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा,
तांबडा, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी,
आणि शेवटचा, ज्याच्या नावावर आमचं कधी जमलं नाही.
तो म्हणे समुद्री.
मी म्हणे, आपला समुद्र असा वर्षातून दोन दिवस.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला.
जाताना किल्ल्या दिल्या, पोचा आलेला थर्मास दिला,
आणि एक वही, जिच्यात सेहेचाळीसनंतर
एकदम अठ्ठेचाळीस.

सत्तेचाळीसमध्ये दोरी होती.
मीटर लावला. उजेड होता.
उणे एकोणीस,
म्हणजे लांब कुठेतरी काहीतरी जागं आहे, इतकंच.
हा उजेड डोळ्याला दिसत नाही,
आणि दिसत नाही म्हणून त्याला डोळा लावू नये,
हे पहिल्या दिवशीच सांगतात.

पुएर्तो मॉन्तहून निरोप आला:
नवी गिऱ्हाइकं आहेत, पोर्ट मोकळे करा,
ज्याचं बिल नाही तो काढा.
एलेउतेरिओला फोन लावला. उचलला नाही.
(होडीला रंग देत होता, हे मागाहून कळलं.)
मग मी ते केलं, जे सगळे करतात
आणि जे कुठल्याच पुस्तकात नाही.
दोरी उपसली, टोकाला टोपी घातली,
आणि कोण बोंब मारतं याची वाट बघितली.

बँक नव्हती, बँक तासाभरात ओरडते.
दवाखाना नव्हता. बंदरावरचे लोक नव्हते.
दोन दिवस. तीन.
मी लेबलच्या यंत्रात नवं नाव टाइप करून ठेवलं,
एका हॉटेलचं.

चौथ्या दिवशी लाँचमधून उतरून
ओर्तेन्सिया मिय्याकुरा आली.
बुटांना बेटावरचा चिखल, हातात अंडी.
म्हणाली, शाळेतला दिवा बिघडलाय.
ती शाळा सहा वर्षांपूर्वी बंद झाली, मुलं संपली तशी.
फळा राहिला, वीज कुणी तोडली नाही,
आणि भिंतीवरची आमची पेटी
कुणासाठी नाही तरी चालूच.

इंटरनेट येत नाही का, मी विचारलं.
ते घेऊन मी काय करू?
पेटीवर हिरवा ठिपका असतो ना,
खिडकीतून दिसतो.
रात्री कोंबड्यांकडे जाताना
तो उजव्या हाताला ठेवला की खड्डा चुकतो.
आता तांबडा झालाय, आणि लुकलुकतोय.
लुकलुकणाऱ्या दिव्यावर पाऊल कसं टाकायचं, सांग.

मला सांगता आलं नाही.
टोक पुसलं, दोनदा, आणि दोरी परत बसवली.
पुएर्तो मॉन्तला कळवलं, सत्तेचाळीस खराब आहे.

संध्याकाळी एलेउतेरिओचा फोन आला.
वहीत लिहायचं होतंत, मी म्हटलं.
लिहिलं असतं तर बिल गेलं असतं, तो म्हणाला,
आणि अंडी किती दिली ते विचारलं.

लेबल कोरंच ठेवलंय.
फक्त त्या दोरीचं वळण आता माझ्या हातचं आहे,
त्याच्यापेक्षा जरा सैल.
राहू दे.